कानाशी कोण बोलतंय?

श्रवणयंत्र फोनला जोडायला घेतलं की पडद्यावर एकच प्रश्न येतो: पेअर करायचं का? आकडा नाही, पासवर्ड नाही. 'हो' म्हटलं की पलीकडच्या माणसाचं बोलणं थेट कानात येऊ लागतं. मलकपेठच्या माझ्या मामांनी या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं आणि महागामोलाची ती जोडी चार्जरच्या डबीत तशीच ठेवून दिली. फोन आला की ते पूर्वीसारखाच स्पीकर लावून मोठ्याने बोलत. खिडकीखालून गंजाकडे जाणाऱ्या कांद्याच्या गाड्या, त्यात हा स्पीकर. मामींचा जीव मेटाकुटीला आला होता.

मामा मूळचे नांदेडकडचे, नोकरी सगळी हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये झाली. १९६७ साली सुरू झालेली ही सरकारी कंपनी देशातली मतदानयंत्रं बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक. माझी धाकटी बहीण माधापूरला ब्लूटूथच्या चिपसाठी फर्मवेअर लिहिते. मामांना समजावण्यासाठी मामींनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पुढचं बोलणं त्या दुपारचं. बोलले ते मुख्यतः दोघंच, पण जिथे मला राहवलं नाही तिथे माझं मत मी लिहिलं आहे.

मामा: मला एवढंच सांग, समोरचा फोन माझाच आहे हे या यंत्राला कसं कळतं?

भाची: कळत नाही, मामा. त्याला एवढंच कळतं की कुणीतरी त्याला डबीतून नुकतंच बाहेर काढलंय आणि पुढच्या काही मिनिटांत एका फोनने हाक मारली. त्या वेळात जो येईल तो आपला, असं ते धरून चालतं.

मामा: आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्याने हाक मारली तर?

भाची: तर त्याच्याशी जोडलं जाईल. तुमच्या फोनवर काहीच होणार नाही, आणि ते तुमच्या लक्षात येईल.

मामा: दार वाजलं की 'कोण' न विचारता कडी काढायची, आणि आत आलेला माणूस परका निघाला तर ते आपल्या लक्षात येईलच, असंच ना हे?

भाची: 'कोण' विचारायला तोंड हवं ना. या यंत्राला पडदा नाही, आकड्यांची बटणं नाहीत. आकडा दाखवायचा तर कुठे? टाकायचा तर कशाने?

मामा: पूर्वीच्या गाडीतल्या फोनला पिन लागायचा. चार आकडी का असेना, विचारत तरी होतं.

भाची: तो पिन बहुतेक वेळा ०००० नाहीतर १२३४ असायचा. आणि तुम्ही खरोखरचा निवडलात तरी काय? २००५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या दोघांनी दाखवून दिलं की पेअरिंग चालू असताना कुणी नुसतं ऐकून ठेवलं, तर चार आकडी पिन साध्या संगणकावर सेकंदभराच्या आत निघतो. तेव्हा किल्ली त्या पिनपासूनच तयार व्हायची. पिन दुबळा की किल्ली दुबळी.

मामा: हौ, पण विचारत होतं.

भाची: विचारण्याने समाधान होत होतं, संरक्षण होत नव्हतं. २००७ मध्ये ब्लूटूथचं मानक बदललं. आता दोन्ही उपकरणं आपापला गुप्त आकडा स्वतःपाशीच ठेवतात, त्याच्यापासून काढलेला दुसरा आकडा उघड पाठवतात, आणि दोन्हीकडे तीच किल्ली तयार होते. वाटेत ऐकणाऱ्याला उघडे आकडे मिळाले तरी किल्ली मिळत नाही. तुमचं यंत्र काहीही न विचारता हेच करतं. म्हणजे नुसत्या ऐकणाऱ्यापुरतं बोलायचं, तर हे न विचारणारं यंत्र त्या पिन विचारणाऱ्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे.

इथे मामा थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यभर सर्किटांशी झुंजलेला माणूस. गणित पटलं की मान्य करायला त्यांना जड जात नाही. पण त्यांनी पुढे जे विचारलं त्यात सगळ्या वादाची नाडी होती.

मामा: नुसता ऐकणारा सोड. मधे बसणाऱ्याचं काय? माझ्या फोनला तो म्हणणार, मी यंत्र. यंत्राला म्हणणार, मी फोन. दोघांशी दोन वेगळ्या किल्ल्या करणार. दोन्हीकडचं बोलणं पक्कं कुलूपबंद, आणि दोन्ही कुलपं त्याच्या हातात.

भाची: बरोबर आहे. कुलूप आहे, पण कोणासाठी ते ठरलेलं नाही. दोन फोन जोडताना सहा आकडे दिसतात ना दोन्हीकडे? ते त्याच्याचसाठी असतात. ते आकडे किल्ल्यांच्या देवाणघेवाणीतूनच निघतात. मधे कुणी बसलेला असेल तर दोन पडद्यांवर वेगवेगळे दिसतात. तरीही जुळून यायचे तर दहा लाखात एकदा.

मामा: आणि माझ्या यंत्रात?

भाची: तुमच्या यंत्रातही तीच पद्धत चालते, अगदी तीच. फक्त ते सहा आकडे कुणाला दाखवले जात नाहीत. न बघताच 'जुळले' असं धरलं जातं.

ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती आणि ती कळल्यापासून मनातून जात नाही. आपल्या घरातल्या इअरफोनपासून रक्तदाबाच्या मशीनपर्यंत किती वस्तू अशा, तपासणीची सगळी सोय असून न तपासता जोडल्या जातात! गणित तयार असतं. त्या दोन आकड्यांकडे बघणारे डोळेच तेवढे काढून टाकलेले असतात. पडदा नाही म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण श्रवणयंत्राला आवाज आहे. कानात तीन आकडे बोलून दाखवले आणि फोनवर तेच दिसतात का विचारलं, तर पडदा लागतोय कशाला? मी तसं म्हणताच बहीण म्हणाली की फोन आणि यंत्र दोघांनाही ते कळायला हवं, मानकात त्याला जागा हवी, आणि ज्याला मुळात ऐकू कमी येतं त्याला आकडे नीट ऐकू आले पाहिजेत. अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्या सोडवण्याजोग्या आहेत असं मला अजूनही वाटतं.

मामा: नावावरून तरी ओळखावं म्हटलं तर नाव कुणीही काहीही देतो. २०१७ ची गुजरातची निवडणूक आठवते? पहिला टप्पा, ९ डिसेंबर. पोरबंदरला काँग्रेसचे उमेदवार अर्जुन मोढवाडियांनी तक्रार केली की मतदान केंद्रात फोनवर ब्लूटूथच्या यादीत 'ईसीओ १०५' असं नाव दिसतंय, म्हणजे मतदानयंत्राला ब्लूटूथ जोडलंय.

भाची: आणि तो निघाला फोन.

मामा: एका पोलिंग एजंटाच्या खिशातला इंटेक्सचा फोन. चौकशी झाली, आयोगाने सांगितलं. पण मी तुला ही गोष्ट का सांगतोय? ती शंका लगेच मिटवता आली, कारण मतदानयंत्रात बिनतारी संदेश घेणारा भागच नाही. ज्याला कानच नाहीत त्याच्या कानात कोण काय सांगणार? आम्ही हेच शिकलो. रेडिओ नसला तरी चालतं ना, मग तो बसवूच नका.

भाची: मामा, तुमच्या कानाला तो हवाय. तुम्ही ज्याला सुरक्षित म्हणता ते जुनं टेलिकॉइल आठवा. नाट्यगृहात नाहीतर देवळात तारेचं वेटोळं टाकलेलं असतं, यंत्रातलं कॉइल त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. तिथे ना किल्ली, ना ओळख, ना कुलूप. वेटोळ्याच्या आत उभा राहील त्या प्रत्येकाला ऐकू येतं. त्याच्याबद्दल तुम्ही कधी तक्रार केली नाहीत.

मामा: तिथे कीर्तन चालू असतं. ते सगळ्यांनी ऐकावं असंच असतं. फोनवर मी बँकेशी बोलतो.

भाची: स्पीकर लावून!

मामी स्वयंपाकघरातून मोठ्याने 'सांग, सांग त्यांना' म्हणाल्या. बहिणीने मग हा धागा सोडला नाही.

भाची: मला राग येतो तो याचाच. तुम्ही घाबरता रस्त्यावर अँटेना लावून बसलेल्या कुणाला. तो येणारच नाही असं मी म्हणत नाही. पण आज तुमच्या वयाच्या माणसांचे पैसे कोण नेतंय? 'मी बँकेतून बोलतोय' म्हणणारा. त्याला कुठलं पेअरिंग लागत नाही. त्याला लागतो ओटीपी, आणि तो तुम्ही खिडकीशी बसून स्पीकरवर मोठ्याने वाचून दाखवता. ब्लूटूथ नाकारून तुम्ही घर बंद केलं नाहीत, उलट उघडं टाकलंत.

मामा: हे बरोबर आहे.

भाची: २०२२ मध्ये तो व्हिडिओ फिरला होता, आठवतो? गाडीची काच पुसणाऱ्या मुलाच्या घड्याळाने फास्टॅगमधून पैसे काढले म्हणे. सगळे हादरले. फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयला खुलासा करावा लागला की फास्टॅगचे पैसे नोंदणी झालेल्या व्यापाऱ्यालाच जातात, असे वाटेल त्याला काढता येत नाहीत. भीती एकीकडे धावते आणि चोर दुसरीकडून येतो.

मामा: हे तू फास्टॅगचं सांगितलंस ते चांगलं. तिथे कुणीतरी विचार केलाय. पैसे कुणाला जाऊ शकतात याची चौकट ठरवलीय.

भाची: मी तेच म्हणते आहे! बिनपिनचं कार्ड घ्या. मशीनवर टेकवलं की पैसे गेले, पिन नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून त्याची मर्यादा २ हजारांवरून ५ हजार केली. म्हणजे ओळख सैल ठेवली, पण नुकसानीला हद्द घातली. शिवाय कार्डधारकाला ही सोय बंद करता येते. आमच्या उपकरणांतही तसंच असावं. न विचारता जोडू द्या, पण जोडल्यावर काय करू द्यायचं ते आवळा. आवाज कानात सोडता येईल, बस. यंत्राची मांडणी बदलता येणार नाही, फर्मवेअर बदलता येणार नाही.

तिच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा हा होता, आणि तो मला पटला होता. मामांनी मात्र फोन उघडून जपून ठेवलेली एक बातमी काढली.

मामा: ही बघ. जर्मनीची ईआरएनडब्ल्यू नावाची सुरक्षेचं काम करणारी कंपनी आहे. जून २०२५. एरोहा नावाच्या तैवानी कंपनीच्या चिप असलेल्या हेडफोनांत त्यांना काय सापडलं, ते तूच सांग. तुझ्या धंद्यातलं आहे.

भाची: (जरा थांबून) कारखान्यात तपासणी करायला ठेवलेला एक प्रोटोकॉल बाहेरून उघडा राहिला होता. पेअर न करता, नुसतं जवळ येऊन हेडफोनची मेमरी वाचता येत होती.

मामा: आणि मेमरीत काय होतं?

भाची: मालकाच्या फोनशी झालेली किल्ली.

मामा: पुढे?

भाची: ती किल्ली घेऊन फोनला सांगायचं की मी तोच हेडफोन आहे. फोन विश्वास ठेवतो. मग फोनला कॉल लावायला लावणं वगैरे शक्य होतं.

मामा: म्हणजे तुझी हद्द कुठे गेली? माझा कान फोडला आणि फोन नेला. ओळख एकाने ढिली ठेवली आणि भरपाई दुसऱ्याने केली.

भाची: पेअरिंगची पद्धत चुकली नव्हती तिथे. मागचं दार राहून गेलं होतं. आणि श्रवणयंत्रांत त्याच चिप असतात असंही नाही.

मामा: मालकाला काय फरक पडतो, पुढचं की मागचं?

भाची: नाही पडत. खरं सांगू का, त्या बातमीने मला त्रास झाला तो वेगळ्या कारणाने. चिपच्या कंपनीने दुरुस्ती तयार करून हेडफोनवाल्यांना दिली. पण फोनला जसा अपडेट आपसूक येतो तसा हेडफोनला येत नाही. त्यासाठी ॲप घ्यावं लागतं, ते कुणी घेत नाही. स्वस्त मालाला तर ॲपही नसतं. कोटीच्या गुजराती गल्लीत रचून ठेवलेली इअरफोनची खोकी बघा. त्यातल्या कितींना पुढे कधी दुरुस्ती मिळणार? आम्ही लिहिलेली चूक माणसाच्या कानात वर्षानुवर्षं राहते.

मानकातच चूक निघाल्याची उदाहरणंही तिने स्वतःहून दिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अँतोनिओली, टिपेनहाउअर आणि रासमुसेन या तिघा संशोधकांनी दाखवलं की जोडणी सुरू होताना दोन उपकरणं किल्ली किती लांबीची घ्यायची ते आपसांत ठरवतात, आणि त्या ठरवण्याला काहीच संरक्षण नाही. मधल्या माणसाने हस्तक्षेप केला तर १६ बाइटांची किल्ली एका बाइटच्या ताकदीवर येते. एक बाइट म्हणजे फक्त २५६ शक्यता. दोन्ही उपकरणं नियमाप्रमाणे वागत असतात आणि तरी कुलूप उरत नाही. त्यानंतर मानकाने किमान ७ बाइटांची अट सुचवली. पुढच्याच वर्षी त्याच तिघांनी दुसरी उणीव मांडली: एकदा जोडलेलं उपकरण पुन्हा जोडताना स्वतःची ओळख पुरेशी पटवतच नाही, त्याचं सोंग घेता येतं.

मामा: आणि हे सगळं 'जवळचं आहे' या भरवशावर. दहा मीटर म्हणे.

भाची: दहा मीटर तुमच्या उपकरणाची ताकद झाली. ऐकणाऱ्याची अँटेना मोठी असली तर ते अंतर त्याला लागू नाही. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात काही जणांनी बंदुकीसारखी अँटेना लावून मैलाहून लांबच्या नोकियाच्या फोनपर्यंत पोचून दाखवलं होतं. आणि २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीच्या माणसाने टेस्लाची गाडी उघडली. किल्ली मोडली नाही, काही नाही. मालकाचा फोन घरात, गाडी बाहेर. दोन पेट्या ठेवून मधला संदेश जसाच्या तसा पुढे नेला. गाडीला वाटलं फोन शेजारी आहे.

मामा: ओळख खरी, अंतर खोटं.

भाची: हो. म्हणून २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये अंतर मोजायची सोय घातलीय. लहरीच्या बदलावरून आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून समोरचा खरंच किती लांब आहे ते काढता येतं. पण ते नव्या चिपमध्ये. तुमच्या या जोडीत नाही.

यानंतर विषय सरकारकडे गेला आणि इथे दोघांचं जवळजवळ एकमत होतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे. उपकरणाला दूरसंचार विभागाची मंजुरी लागते. ती मंजुरी बघते की लहर ठरल्या पट्ट्यात आहे का, ताकद मर्यादेत आहे का. हे यंत्र इतरांच्या रेडिओला त्रास देईल का, याची खात्री होते. ते परक्याला आत घेईल का, हा प्रश्न त्यात नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती जोडउपकरणांत सगळ्यांना एकच ठरीव पासवर्ड देणं बंद केलं, आणि दुरुस्त्या किती काळ मिळतील हे जाहीर करायला लावलं. युरोपीय संघाने १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटपर्यंत पोचणाऱ्या रेडिओ उपकरणांना सुरक्षेच्या अटी लावल्या. आपल्याकडे २ एप्रिल २०२० ला कोविडसाठीचं आरोग्य सेतू ॲप आलं तेव्हा कोट्यवधी लोकांना ब्लूटूथ कायम चालू ठेवायला सांगितलं गेलं. चालू ठेवायला सांगणाऱ्याने ते चालू ठेवणं सुरक्षित आहे ना, हे विकत घेण्याच्या जागी, खोक्यावर, लोकांना कळेल अशा भाषेत लिहायला लावायला हवं. दुरुस्ती किती वर्षं मिळणार, एवढी एक ओळ छापायला लावली तरी गुजराती गल्लीतला माल बदलू लागेल. हे माझं म्हणणं, आणि त्यात मी तसूभरही मागे हटणार नाही.

भाची: बरं, आता जोडायची का?

मामा: जोडू. पण माझ्या अटीवर. पहिली जोडणी हाच कच्चा क्षण आहे, असं तूच म्हणालीस.

भाची: हो. एकदा खरी किल्ली झाली की पुढे बाहेरच्याला खूप कष्ट. म्हणून दुकानात, मेट्रोत, लग्नाच्या हॉलमध्ये पेअर करायचं नाही. घरी, आजूबाजूचे फोन बंद करून. आणि जोडल्यावर आवाज माझ्याच फोनवरून येतोय ना, ते लगेच तपासायचं.

मामा: आणि ही यंत्रं आधी कुणाकुणाशी जोडलेली आहेत?

बहिणीने हा प्रश्न अपेक्षिला नव्हता. मापं घेताना ज्या केंद्रात यंत्रं बसवली तिथल्या माणसाने 'बघा, असं ऐकू येतं' म्हणून स्वतःचा फोन जोडून गाणं ऐकवलं होतं. म्हणजे त्याच्या फोनची किल्ली मामांच्या कानात अजून असणार. तिने केंद्राला फोन लावला, पुसायची रीत विचारून घेतली, सगळ्या जुन्या जोडण्या काढल्या आणि मग मामांचा फोन जोडला. मामी दारात उभ्या राहून हळू आवाजात बोलल्या; मामांनी शब्दन् शब्द परत सांगितला. पण वाद तिथे मिटला नाही.

मामा: आता ऐक. त्या केंद्राला आवाजाची मांडणी बदलायला बिनतारी यायचं असेल तर दर वेळी मी स्वतः डबी उघडून यंत्रं नव्याने चालू करीन, तेव्हाच त्यांना आत येता यावं. एकदा ओळख झाली म्हणून कायमची मुभा नको.

भाची: आत्ता ठीक आहे. तुमचा हात थरथरायला लागला, दिसेनासं झालं, तर? मांडणी बिघडली आणि तुम्हाला डबी उघडता आली नाही, तर तुम्हाला ऐकूच येणार नाही. आम्ही सगळं ठरवतो ते तशा माणसाला समोर ठेवून.

मामा: तेव्हा डबी तुझी मामी उघडेल. नाहीतर तू उघड. पण उघडणारं माणूस माझ्या घरातलं हवं, त्यांच्या ऑफिसातलं नको.

भाची: आणि ज्यांच्या घरात कुणीच नाही त्यांचं?

मामा: त्यांच्यासाठी काय करायचं ते तुम्ही शोधायचं. पगार त्याचाच आहे ना? पण त्यांच्यासाठी म्हणून माझी कडी काढायची नाही.

भाची: एकच चिप असते, मामा. सगळ्यांना तीच जाते.

मामा: मग चिपमध्ये दोन्ही ठेवा, आणि विकताना विचारा कुठलं हवं ते.